साळवेबाईंचं ‘नाही’

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या डायरेक्टरला ‘नाही’ म्हणत होत्या.

परीक्षा पास होऊन मी यवतमाळहून दिल्लीला आले होते. केंद्र सरकारचं एक खातं, त्यातला एक सेक्शन, आणि तिथला माझा तिसरा दिवस. डायरेक्टर माथुर साहेब स्वतः चालत आमच्या खोलीत आले, तसे सगळे खुर्च्या सरकवून उभे राहिले. साहेब खुशीत होते.

“संडे को घर पे छोटा-सा फंक्शन है. माताजी का जनमदिन. सेक्शन की लेडीज़ ग्यारह बजे आ जाएँ, चाय-नाश्ता ज़रा सँभाल लेंगी.”

सेक्शनमध्ये आम्ही चार बायका. दोघींनी अर्धी मान हलवली. मी पूर्ण हलवली.

खिडकीजवळच्या टेबलाशी एक उंच, सावळी बाई संत्रं सोलत बसली होती. आमची सेक्शन ऑफिसर तीच, हे मला नंतर कळलं. आधीचे दोन दिवस ती रजेवर होती. साहेब आले तरी ती उठली नव्हती. आता तिनं संत्रं खाली ठेवलं, रुमालाला हात पुसले, उभी राहिली आणि विचारलं, “सर, यह निमंत्रण है या आदेश?”

“अरे मैडम, क्या फर्क पड़ता है?”

“बहुत पड़ता है, सर. निमंत्रण है तो हम मेहमान बनके आएँगे, बैठके खाएँगे, माताजी को बधाई देंगे. आदेश है तो लिखके दीजिए. मैं लिखके मना करूँगी. चारों की तरफ से.”

आवाज चढलेला नव्हता. फाइल कुठे ठेवली हे सांगावं तसं बोलणं. साहेब हसले, पण ते हसू अर्ध्यातच वाळून गेलं. “ठीक है, ठीक है, देखते हैं,” म्हणत ते निघून गेले. त्या रविवारी कुणीच गेलं नाही.

ते गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. “तू मान हलवली.”

“हो.”

“काहून?”

तो ‘काहून’ ऐकून मला एकदम घर आठवलं. दिल्लीत आल्यापासून वऱ्हाडी शब्द कानावर पडला नव्हता. मी म्हणाले, “साहेब आहेत ना ते.”

“साहेब नऊ ते साडेपाच. रविवारी तो माथुर, अन् तू... काय नाव तुझं?”

“वैशाली.”

“अन् तू वैशाली. हे घे,” म्हणून त्यांनी अर्धं संत्रं माझ्या नोटशीटवर ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या.

विमल प्रभाकर साळवे. गाव पांढुर्णा, मध्य प्रदेशात, पण बोलणं सगळं मराठी. दिल्लीत तीस वर्षं काढली होती. सुती साडी, आणि साडीखाली करोल बागेतून आणलेले पुरुषी कॅनव्हासचे बूट. तळवे सपाट होते म्हणून. कुणी बुटांकडे पाहिलं की त्या पाय आणखी पुढे काढून बसत. हिवाळ्यात त्यांचा भाऊ गावाहून संत्र्यांची पेटी पाठवायचा, आणि आमच्या खोलीला मार्चपर्यंत सालींचा वास यायचा. फाइल वाचताना त्या ओठातल्या ओठात एखादं भजन गुणगुणायच्या. फाइलीत काही लबाडी दिसली की भजन थांबायचं. भजन थांबलं की ज्याची फाइल असेल तो घाम पुसायला लागायचा.

मला क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात मिळालं, त्यांच्याच ब्लॉकमध्ये, एक मजला वर. तिथली जुनी क्वार्टर्स अजून पाडली नव्हती. दर रविवारी सकाळी साळवेबाई पदर खोचून वरपासून खालपर्यंत सगळा जिना झाडायच्या. झाडायला बाई यायची, पण रविवारी तिला सुट्टी असे आणि नेमका रविवारीच जिन्यात कचरा जास्त. पहिल्या मजल्यावरच्या अंडर सेक्रेटरींच्या बायकोला हे फार खटके. एकदा त्या दारातूनच म्हणाल्या, “मिसेज़ साल्वे, आप अफसर होके झाड़ू लगाती हैं, अच्छा नहीं लगता.”

“मुझसे किसी ने कहा नहीं लगाने को,” बाई झाडू न थांबवता म्हणाल्या, “इसीलिए लगाती हूँ. कहा होता तो नहीं लगाती. पैर उठाइए.”

मला भेटल्या की त्या आधी आमचं ‘जय भीम’ म्हणत, मग मी ‘सलाम, बाई’ म्हणे. त्यांच्यात सलाम म्हणतात. त्या ख्रिस्ती, त्यातही ल्यूथरन होत्या. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला होता.

“म्हणजे काय, बाई? कॅथलिकांसारखं?”

“म्हणजे देवाच्या दारात लाच चालत नाही असं मानणारे. बाकीचे पण तसंच म्हणतात. आम्ही त्याच्यावरून भांडतो.” मग संत्र्याची बी हातावर काढून थोडं गंभीर होत म्हणाल्या, “हे पाह्य, मी काही करायच्या आधीच देवानं मला आपलं म्हटलं. फुकट. आता त्याला खूश करायला माझ्याकडे काही काम उरलंच नाही. मग हे दोन हात रिकामे राहिले. रिकाम्या हातांचं काय करू? बाजूच्याला लागतात ते. देव काही जेवत नाही. बाजूचा जेवतो.”

“मी देव मानत नाही, बाई.”

“नको मानू. संत्रं खा.”

त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा, साळवेकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले, हळू आवाजाचे गृहस्थ. माझ्या दिल्लीतल्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते मूत्रपिंडाच्या आजारानं गेले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, असं दीड वर्ष चाललं होतं. बाईंनी त्या काळात एक दिवस ऑफिस चुकवलं नाही आणि एक दिवस डायलिसिस चुकवलं नाही, हे त्यांना कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही.

काका गेल्यावर महिन्यानं क्वार्टरमध्ये प्रार्थना ठेवली होती. वीसेक माणसं सतरंजीवर दाटीनं बसली होती. बाईंच्या नणंदेनं नोएडाचा एक प्रचारक बोलावला होता. गोरापान, सुटातला, गोड गळ्याचा. तो आधी छान गायला. मग बोलायला लागला आणि बोलता बोलता म्हणाला, जिथे विश्वास पूर्ण असतो तिथे आजार टिकत नाही. या घरात कुठेतरी उणीव राहिली असेल. आता विमल बहिणीनं उपवास धरावेत, नवस बोलावेत, म्हणजे घरावर पुन्हा आशीर्वाद येईल.

मी दाराजवळ बसले होते. बाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या. त्या हातात चिमटा घेऊन बाहेर आल्या.

“भाई साहब, मेरे आदमी की किडनी खराब थी. विश्वास नहीं.”

नणंद म्हणाली, “वहिनी, असं मधे बोलू नये.”

“घर माझं, माणूस माझा, मी बोलणार.” मग प्रचारकाकडे वळून, “वो आखरी दिन तक मशीन पे लेटके भजन गाता था. नर्सें दरवाज़ा खुला रखती थीं सुनने को. आप उसकी उणीव... कमी निकालेंगे? और मुझे उपवास बता रहे हैं? जो चीज़ ऊपरवाले ने मुफ़्त दी है, उसपे आप दाम मत लगाइए. मेरे दादा ने यही सुनके गाँव की चाकरी छोड़ी थी, कि अब किसी के पाँव पड़के कुछ माँगना नहीं है. मैं फिर से शुरू करूँ?”

प्रचारकानं पुस्तक मिटलं आणि तो उठायला लागला. तशा बाई पुढे झाल्या.

“बैठिए. चाय पीके जाइए. इतनी दूर से आए हैं.”

आणि त्यांनी त्याला पहिला कप दिला. त्याच्यासाठी साखर किती, हेही विचारलं. लोक गेल्यावर मी भांडी विसळायला थांबले, तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. नळ पूर्ण सोडून रडल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

माझ्या तिसऱ्या वर्षी माथुर साहेबांच्या आई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पुढचे तीन आठवडे इस्पितळातच राहायचं होतं. साहेबांची बायको मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेलेली, संसदेचं अधिवेशन चालू, साहेब मंत्र्यांच्या मागे. ठेवलेली आया दोन दिवसांत निघून गेली. ऑफिसात सगळे हळहळत होते. हळहळून सगळे साडेपाचला घरी जात होते.

साळवेबाई साडेपाचला इस्पितळात जायला लागल्या. कुणाला सांगून नाही. चार दिवसांनी त्यांची पिशवी जड दिसली म्हणून मी सोबत गेले, तेव्हा मला कळलं.

माताजी बारीक चणीच्या, टापटीप, गळ्यात तुळशीची माळ. चार दिवस बाईंनी त्यांना कूस बदलायला मदत केली होती, भांडं दिलं होतं, वेणी घातली होती. त्या दिवशी बाई पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाल्या, तेव्हा माताजींनी बाईंकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “बेटी, इतने दिन से आती हो. कौन जात हो?”

माझी मान खाली गेली. असल्या प्रश्नाला आम्ही घरात उत्तरं पाठ केलेली असतात. बाईंनी कुठलंच पाठ उत्तर दिलं नाही.

“माताजी, मेरे दादा गाँव के मरे हुए ढोर खींचते थे. फिर ईसाई हुए, फिर मेरे बाप मास्टर हुए, फिर मैं अफसर हुई. अब बताइए, पानी दूँ कि रुकूँ?”

ग्लास पुढे धरलेला होता. हात मागे आला नाही, पुढेही गेला नाही. माताजी बराच वेळ त्या ग्लासाकडे पाहत राहिल्या. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा आता आमच्याकडे बघत होती. शेवटी माताजींनी डोळे मिटले.

“प्यास लगी है,” त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना पाणी पाजलं. पुढच्या दिवसांत माताजी जपाची माळ ओढत, बाई खुर्चीत डोळे मिटून बसत. मध्येच माताजी म्हणत, “विमल, तू सो गई?” आणि बाई म्हणत, “नहीं माताजी, मैं भी अपना कर रही हूँ.”

ऑफिसात हे कळायला वेळ लागला नाही. कॅन्टीनमध्ये एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चाय पिलाने को ना बोली थीं, अब बेडपैन उठा रही हैं. अच्छा चेंज है, मैडम.”

बाई थाळी घेऊन त्याच्याच समोर बसल्या. “तब साहब का हुक्म था. अब एक बुढ़िया की हड्डी टूटी है. आपको दोनों एक ही लगता है, यार?”

खरं सांगायचं तर मलाही ते पटत नव्हतं. मी फोनवर वडिलांना हे सगळं सांगितलं, तर ते भडकले. ते चळवळीतले जुने कार्यकर्ते. म्हणाले, “आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या यांचंच केलं ना? शिकून, दिल्लीला जाऊनही तेच करता?” मी ते जसंच्या तसं बाईंना ऐकवलं. आम्ही इस्पितळातून परतत होतो, मेट्रोत दोघींना कशीबशी जागा मिळाली होती.

“तुझे बाबा खोटं नाही बोलत,” त्या म्हणाल्या. “पण आपल्या लोकांनी केली ती सेवा नव्हती, पोरी. ती वेठ होती. दोन्हीत हात तेच, काम तेच. फरक एकच. नाही म्हणता येते का? माझ्या आजोबाला नाही म्हणता येत नव्हतं. म्हटलं असतं तर घर पेटलं असतं. मला येतं. मी त्या माथुरच्या तोंडावर म्हणून दाखवलं. म्हणून मी त्याच्या आईला हो म्हणू शकते. ज्याला नाही म्हणता येत नाही ना, त्याच्या होला काही अर्थ नाही.” मग माझ्याकडे वळून, “हे सांग तुझ्या बाबांना. अन् माझा जय भीम सांग.”

वडिलांना मी ते सांगितलं. “ती बाई भेटायला पाहिजे एकदा,” एवढंच ते म्हणाले.

माताजी वॉकर धरून घरी गेल्या आणि पंधरा दिवसांनी ऑफिसात एक निनावी तक्रार आली. टाइप केलेली, एक पान. साळवे मॅडम आजाऱ्यांच्या असहाय अवस्थेचा फायदा घेऊन धर्मप्रसार करतात, एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या वृद्ध आईवर त्यांनी असा प्रयत्न केला आहे, चौकशी व्हावी. प्रशासन विभागानं बाईंकडून स्पष्टीकरण मागितलं आणि सोबत एक हमीपत्र पाठवलं: यापुढे मी कुठल्याही सहकाऱ्याच्या आजारी नातेवाइकाला भेटायला जाणार नाही. खाली सहीची रेघ.

त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. सगळ्यांनी एकच सल्ला दिला. मीसुद्धा. “बाई, सही करून टाका. फॉर्मॅलिटी आहे. कोण बघायला येतंय?”

“मी बघते ना,” त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. सरकारी हिंदीत होतं, पण मराठीत सांगायचं तर असं: मी गेले होते. कुणी आजारी असेल तर पुन्हा जाईन. मी प्रार्थना केली, ती मनात. त्यांनी जप केला, तो मोठ्यानं. आम्हा दोघींची एकमेकींबद्दल तक्रार नाही. हमीपत्र कोरं परत करत आहे.

मग प्रशासनाच्या उपसचिवांनी मला बोलावलं. मी बाईंबरोबर जात होते हे त्यांना कळलं होतं. ते फार सौम्यपणे बोलले. माझं प्रमोशन त्या वर्षी होणार होतं, त्याची त्यांनी आठवण करून दिली, तीही सौम्यपणे. मग विचारलं, “आपने वहाँ क्या देखा?”

मी म्हटलं, “सर, मैं तो गई ही नहीं थी.”

तीन मजले उतरून मी खाली आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. तिथे काहीच वावगं घडलं नाही हे सांगू शकणारं बाहेरचं माणूस मी एकटीच होते. संध्याकाळी बाईंच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्या कांदा चिरत होत्या.

“हे खोटं कोणासाठी बोलली? माझ्यासाठी का स्वतःसाठी?”

“स्वतःसाठी.”

“बरं. निदान आता तरी खरं बोलली.” कांदा बाजूला सारून त्या म्हणाल्या, “आमच्या शास्त्रात एका शिष्यानं आपल्या गुरूला तीनदा नाकारलं होतं, तेही शेकोटीशी बसून. पुढं तोच सगळ्यांचा म्होरक्या झाला. तू तर एकदाच. चहा टाक.”

“बाई, मला माफ करा.”

“ते कधीच झालं. त्याच्यासाठी तू काही करायची गरज नाही.”

“मी उद्या जाऊन खरं सांगते.”

“सांग, नाही तर नको सांगू. पण माझी फेड करायला म्हणून जाऊ नको. तसं जाणार असशील तर घरी बस.”

याचा अर्थ लावायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत त्या माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. बाराव्या दिवशी मी एक पान लिहून उपसचिवांच्या टेबलावर ठेवलं: मी गेले होते, आधी खोटं बोलले, आणि तिथे मी जे पाहिलं ते हे. त्या वर्षी माझं प्रमोशन झालं नाही. मला वाटलं होतं तेवढं त्याचं दुःखही झालं नाही.

बाईंची बदली तळमजल्याच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. ट्यूबलाइट मिचमिचणारी, कपाटांना ओल आलेली. लोकांना वाटलं, बाई खचतील. त्यांनी पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल बांधून सगळी कपाटं झाडली, आणि दोन महिन्यांत कुठलीही जुनी फाइल दहा मिनिटांत हातात मिळायला लागली. “मला शिक्षा म्हणून पाठवलं,” त्या मला म्हणाल्या, “मी काम म्हणून करते. त्यांचं बिचाऱ्यांचं सगळं वाया गेलं.”

त्यांची ती चौकशी मात्र पुढे सरकत नव्हती. माझं पान फाइलीला लागलं होतं, बाईंचं उत्तर होतं. अडलं होतं ते माथुर साहेबांच्या दोन ओळींसाठी. तुमच्या आईबद्दलची तक्रार खरी की खोटी, एवढंच त्यांना लिहायचं होतं. सात महिने ते लिहीत नव्हते. कुणाला नाराज करायचं नव्हतं त्यांना. नक्की कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

निवृत्तीच्या दिवशी चार वाजता कॉन्फरन्स रूममध्ये निरोप समारंभ होता. समोसे, गुलाबजाम, शाल, गुच्छ. माथुर साहेब बोलायला उठले. साल्वे मैडम म्हणजे सेवेची मूर्ती, वगैरे. टाळ्या झाल्या. साहेब शाल घेऊन पुढे आले, तशी बाईंनी ती हातानंच अडवली.

“सर, शॉल रहने दीजिए. मुझे दो लाइन चाहिए.”

“जी?”

“मेरी फाइल में आपकी दो लाइन बाकी हैं. सात महीने से. जो सच है, वो लिख दीजिए. मेरे खिलाफ हो तो खिलाफ लिखिए.”

“मैडम, आज के दिन यह सब...”

“आज के बाद मैं नहीं रहूँगी, सर. फाइल रहेगी. मेरा क्या है, मैं तो छूटी हुई हूँ. लेकिन कल कोई और लड़की किसी की माँ को पानी पिलाने जाएगी, तो यही फाइल दिखाके उसे डराएँगे. मैं वो छोड़के नहीं जाऊँगी.”

चाळीस माणसं हातात समोसे घेऊन उभी. कुणी चावतही नव्हतं. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला, आणि उतरल्यावर तो कधी नव्हे तो एखाद्या मुलाच्या चेहऱ्यासारखा दिसला, आईचा मुलगा. त्यांनी उपसचिवांकडे पाहिलं. “फाइल मँगवाइए.”

फाइल यायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळे उभेच. साहेबांनी प्लेटी बाजूला सारून टेबलावर वाकून लिहिलं आणि बाईंनी सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवलं: तक्रार निराधार आहे. माझ्या आईची काळजी त्यांनी स्वतःच्या इच्छेनं घेतली, जेव्हा मी घेऊ शकलो नाही.

शेवटचे शब्द त्यांना कुणी मागितले नव्हते.

“थैंक यू, सर,” बाई म्हणाल्या. “अब शॉल दीजिए. ठंड है.”

निवृत्तीनंतर त्यांनी गाझियाबादला, इंदिरापुरममध्ये एका उंच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर छोटी जागा घेतली. पांढुर्ण्याला भाऊ बोलवत होता, पण गेल्या नाहीत. मी दोन-तीन महिन्यांनी जाऊन यायची. गुडघे धरले होते, हातात काठी आली होती. बाकी काही बदललेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात गेले, तेव्हा त्या मला पोचवायला खाली आल्या. लिफ्टबाहेर एक पन्नाशीचा माणूस पाण्याचे दोन मोठे जार खाली ठेवून भिंतीला टेकून उभा होता. स्वेटरखालून घाम गळत होता. सामानाची लिफ्ट बंद होती, आणि या लिफ्टमध्ये डिलिव्हरीवाल्यांना मनाई, असा कागद चिकटवलेला. त्याला नवव्या मजल्यावर जायचं होतं.

बाईंनी कागद वाचला. मग त्याला म्हणाल्या, “आओ भैया, अंदर रखो.”

गार्ड धावत आला. विशी-बाविशीचा, नुकताच लागलेला असावा. “मैडम, मेरी नौकरी चली जाएगी.”

“तुम मत खोलो. मैं खोल रही हूँ. तुम उधर दीवार की तरफ मुँह करके खड़े हो जाओ. कोई पूछे तो बोलना, तीसरे माले की बुढ़िया मानती नहीं, बहुत झगड़ालू है.”

“मैडम, सेक्रेटरी साहब कैमरे में देख लेंगे.”

बाईंनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. पदर नीट केला, जणू फोटो काढायचा आहे. “देखने दो. साफ दिखना चाहिए.”

काठीनं दार अडवून त्यांनी आधी एक जार आत घ्यायला लावला, मग दुसरा. लिफ्ट कोकलायला लागली होती. मग त्या स्वतःच आत शिरल्या.

“तुम्ही कुठे, बाई?” मी विचारलं.

“जाते याच्यासोबत वर. नाही तर मधल्या मजल्यावर कोणी उतरवून टाकेल याला. तू निघ, मेट्रो जाईल तुझी. जय भीम!”

“सलाम, बाई.”

दार बंद झालं. गार्ड अजूनही भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानं न वळता विचारलं, “मैडम, गए क्या?”

“हाँ. दोनों गए.”

मला निघायला हवं होतं, पण मी दारावरचे लाल आकडे बघत तिथेच उभी राहिले. एक. दोन. तीन आला, आणि तिथे लिफ्ट थांबली नाही. चार. पाच. सहा.